जुनी लक्झरी एसयूव्ही घेताय? मीटरच्या आधी गिअरबॉक्स बघा

७०-८० लाखांची गाडी १०-११ वर्षांनी १४-१५ लाखांत मिळतेय म्हटल्यावर कुणालाही मोह होणारच, आणि त्यात चूक काही नाही, गाड्या खरंच भारी आहेत, ऑडीची क्यू सेव्हन म्हणा, बीएमडब्ल्यूची एक्स फाइव्ह म्हणा, मर्सिडीजची एमएल म्हणा, हायवेला बसून बघितल्याशिवाय कळत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, गाडीची किंमत पडते पण पार्टची पडत नाही. तुम्ही १४ लाख मोजले तरी आतला गिअरबॉक्स ७० लाखांच्या गाडीचाच राहतो आणि बिघडला की बिलही त्याच हिशोबाने येतं. तेल बदलायचं काम हजारांत होतं, मेकॅट्रॉनिक (गिअरबॉक्सचं इलेक्ट्रॉनिक कंट्रोल) किंवा व्हॉल्व्ह बॉडीचं (तेलाचं प्रेशर वाटणाऱ्या भागाचं) लाखांत जातं, आणि अख्खा गिअरबॉक्स बदलायची वेळ आली तर गाडी ठेवायची की विकायची हाच प्रश्न पडतो.

आणि विकणारा काय सांगतो? सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी, फक्त ४२ हजार रनिंग. म्हणजे सगळा भाव मीटरवर ठरतो. माझं मत विचाराल तर १ लाख ३० हजार चाललेली, मुंबई-पुणे हायवेला पळालेली आणि गिअरबॉक्सचं ऑइल बदलल्याचं बिल फाइलमध्ये असलेली गाडी मी डोळे झाकून आधी बघायला जाईन, ती ४२ हजारवाली नंतर. का, ते खाली सगळं क्रमाने लिहितो, जरा मोठं होईल पण एवढे पैसे घालायचे असतील तर शेवटपर्यंत वाचाच.

पायरी १ : घरी बसून आधी गिअरबॉक्स कोणता ते शोधा

एकाच नावाच्या गाडीत वर्षानुसार वेगळा गिअरबॉक्स असतो आणि जाहिरातीत सगळीकडे नुसतं 'ऑटोमॅटिक' लिहिलेलं असतं, त्यामुळे हे काम आपलंच आपण करायचं.

बीएमडब्ल्यू एक्स फाइव्ह २००६ नंतरची म्हणजे ई७० मॉडेल असेल तर २०१० च्या फेसलिफ्टपर्यंत झेडएफ या जर्मन कंपनीचा ६ स्पीड आणि त्यानंतर झेडएफचा ८ स्पीड, ज्याला ८एचपी म्हणतात. हा ८एचपी २००९ मध्ये आला आणि आजच्या तारखेला जुन्या लक्झरी गाड्यांत डोकं शांत ठेवणारा गिअरबॉक्स कोणता म्हणाल तर हाच. शिफ्ट पटकन, हायवेला ॲव्हरेज चांगलं, आणि ऑइल वेळेवर बदललं असेल तर लाखभर किलोमीटर त्याला काहीच नाही. २०११ पासूनच्या एक्स थ्रीच्या ऑटोमॅटिकमध्ये, पुढच्या एक्स फाइव्हमध्ये, २०१२ नंतरच्या थ्री लिटर लँड रोव्हर डिस्कव्हरी फोरमध्ये आणि २०१५ च्या शेवटी आपल्याकडे आलेल्या दुसऱ्या पिढीच्या क्यू सेव्हनमध्ये हाच खानदानी भाऊ आहे. जुना ६ स्पीडही वाईट नाहीये, पण त्या गाड्यांचं वय आता १५ च्या पुढे गेलंय आणि त्याच्या आतली रबरी सीलं, सोलेनॉइड (विजेवर चालणारे छोटे व्हॉल्व्ह), वायरिंगचा कनेक्टर जिथून बाहेर येतो तिथली प्लास्टिकची स्लीव्ह, हे सगळं वयाने कडक होतं, किलोमीटर कितीही असोत.

पहिल्या पिढीच्या क्यू सेव्हनमध्ये जपानी आयसिनचे गिअरबॉक्स आहेत, आधी ६ स्पीड आणि २०१० च्या बदलानंतर ८ स्पीड. दणकट आहेत, पण जुन्या ६ स्पीडमध्ये व्हॉल्व्ह बॉडीचं दुखणं माहितीतलं आहे, थांबताना दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना मागून कुणीतरी ढकलल्यासारखं वाटतं.

ऑडी क्यू फाइव्हच्या टू लिटर डिझेलला मात्र वेगळा प्रकार आहे, ७ स्पीड एस ट्रॉनिक, म्हणजे ड्युअल क्लच. क्लच तेलात बुडालेले असतात त्यामुळे लहान गाड्यांतल्या ड्राय क्लचसारखी गत नाही, पण मेकॅट्रॉनिकची कामं या गिअरबॉक्सला बऱ्यापैकी निघतात आणि याचं ऑइल दर ६० हजार किलोमीटरला बदलायचंच असतं. ते बिल नसेल तर मी तरी क्यू फाइव्ह घेऊ नका म्हणेन, कितीही चकाचक असली तरी.

मर्सिडीज एमएलमध्ये सेव्हन-जी ट्रॉनिक. मेकॅनिकली चांगला गिअरबॉक्स, पण आत एक कंडक्टर प्लेट म्हणजे सेन्सर आणि कंट्रोल युनिटवाली पाटी असते, तिच्यातला स्पीड सेन्सर गेला की गाडी लिम्प मोडला जाते, एकाच गिअरमध्ये अडकते आणि पिकअप मरतो. हे काम होतं, पण लक्षात घ्या की त्याचं कंट्रोल युनिट चोरीविरोधी लॉक असतं, म्हणजे कुर्ल्याच्या स्क्रॅप मार्केटमधून जुनं आणून लावलं आणि झालं असं होत नाही, कोडिंग लागतं, आणि ते करणारा माणूस आधी शोधावा लागतो. २०१५ नंतर एमएलचं नाव जीएलई झालं आणि आपल्याकडच्या डिझेलमध्ये ९ स्पीड आला, बजेट बसत असेल तर तो जास्त बरा.

लँड रोव्हरच्या फ्रीलँडर टू आणि जुन्या व्हॉल्वो एक्ससी नाइंटीच्या डी फाइव्हमध्ये आयसिनचा ६ स्पीड, साधा आणि ऑइल बदलत राहिलं तर टिकाऊ. रेंज रोव्हर इव्होकमध्ये २०१४ मॉडेलपासून झेडएफचा ९ स्पीड, त्याच्या सुरुवातीच्या गाड्यांत झटक्यांच्या तक्रारी होत्या आणि सॉफ्टवेअर अपडेटने बऱ्याच सुधारल्या, तेव्हा अपडेट झालंय का विचारा. डिस्कव्हरी फोरचा गिअरबॉक्स उत्तम पण त्या थ्री लिटर डिझेलच्या क्रँकशाफ्ट तुटण्याच्या केसेस जगभर आहेत, म्हणून तिथे गिअरबॉक्सइतकंच इंजिन ऑइलच्या बिलांकडे बघा.

पायरी २ : रनिंग खरं किती

मीटर मागे घेणं आपल्याकडे किती सोपं आहे हे वेगळं सांगायला नको. पण या गाड्यांची एक चांगली गोष्ट अशी की त्या किलोमीटर एकाच जागी लिहून ठेवत नाहीत. बीएमडब्ल्यूमध्ये मीटरशिवाय इतर मॉड्यूलमध्येही रनिंग नोंदलं जातं, चावीतसुद्धा सर्व्हिसचा डेटा असतो. ऑडीला व्हीसीडीएस स्कॅनर लावला की जुन्या फॉल्ट कोडच्या खाली 'फ्रीज फ्रेम' दिसते, म्हणजे तो फॉल्ट आला त्या क्षणी गाडी किती चालली होती ते. समोर मीटर ७१,००० दाखवतोय आणि खाली एअर सस्पेन्शनच्या कुठल्यातरी जुन्या कोडच्या पुढे १,४८,००० लिहिलंय, हे स्क्रीनवर दिसलं की मग बोलायला काही उरतच नाही. मीटर फिरवणारा हे सगळं पुसेलच असं नाही, बहुतेक जण फक्त समोरचा आकडा बदलतात.

दुसरं, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर देऊन सर्व्हिस हिस्टरी काढा. बऱ्याच ठिकाणी मालकाची परवानगी लागते, तर मालकालाच सोबत घ्या किंवा त्याच्याकडून मेल करून घ्या. तो का-कू करायला लागला तर तेच उत्तर समजा. हिस्टरीत तारीख आणि किलोमीटर ओळीने येतात, मध्येच दोन वर्षं काहीच नसेल तर त्या दोन वर्षांत गाडी बाहेरच्या गॅरेजला होती, तिथली बिलं मागा.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २२१९ म्हणजे २०१९ सालचा २२ वा आठवडा. एवढ्या वजनाच्या गाडीला टायर साधारण ४०-५० हजार जातात. त्यावरून आणि स्टिअरिंगच्या चकाकीवरून, ब्रेक पेडलच्या रबरावरून, ड्रायव्हर सीटच्या बाहेरच्या कडेच्या लेदरवरून अंदाज येतो. ४० हजार चाललेल्या गाडीचं पेडल गुळगुळीत होत नाही.

आता मुख्य मुद्दा. रनिंग खरं असलं तरी ते कसं झालंय हे जास्त महत्त्वाचं. समजा एक गाडी अंधेरी ते बीकेसी रोज जाणारी, तिचा सरासरी वेग १८ धरा. ६० हजार किलोमीटरला तिचं इंजिन आणि गिअरबॉक्स ३,३०० तासांच्या वर चालू राहिलेत, आणि त्यात पहिला-दुसरा-पहिला-दुसरा असं लाखो वेळा झालंय, गिअरबॉक्स तापलेला, वारा नाही. दुसरी गाडी कोल्हापूर-पुणे करणाऱ्या कारखानदाराची, सरासरी ५५. तिचे १ लाख २० हजार झाले तरी तास सुमारे २,२००, आणि बहुतेक वेळ वरच्या गिअरमध्ये, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलातून जोडणारा भाग) लॉक, तेल थंड. कुठली जास्त वापरली गेलीय ते तुम्हीच बघा. म्हणून ट्रिप कॉम्प्युटरमधला ॲव्हरेज स्पीड नक्की उघडून बघा, तो शेवटच्या रिसेटपासूनचा असतो पण गाडी कुठे फिरते ते सांगून जातो.

पायरी ३ : गिअरबॉक्स ऑइलचं बिल, यावर तडजोड नाही

'हा लाइफटाइम ऑइलवाला गिअरबॉक्स आहे, बदलायचं नसतं' हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळणारच, आणि शोरूमचा माणूसही म्हणेल, कारण काही कार कंपन्यांनी तसंच लिहिलंय. पण ज्यांनी तो गिअरबॉक्स बनवला त्या झेडएफचं स्वतःचं म्हणणं काय आहे? ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा जास्तीत जास्त ८ वर्षं, यातलं जे आधी येईल तेव्हा बदला, आणि गाडी ताणून चालवली जात असेल तर त्याही आधी. तेही युरोपातल्या थंडीत बसून. आपल्याकडे मे महिन्यात ४० डिग्रीत, एसी चालू, ट्रॅफिकमध्ये उभी गाडी, तर मी ६०-७० हजार किंवा ६ वर्षं धरतो.

हे इतकं ताणून सांगतोय कारण ऑइल हे नुसतं वंगण नसतं. ऑटोमॅटिकमध्ये क्लच दाबण्याचं काम त्याच ऑइलच्या प्रेशरने होतं, गिअरबॉक्स थंड ठेवण्याचं तेच करतं, आणि झेडएफच्या या गिअरबॉक्समध्ये तर कंट्रोल युनिट आणि व्हॉल्व्ह बॉडी मिळून जे मेकॅट्रॉनिक असतं ते त्याच तेलात बुडालेलं असतं. तेल म्हातारं झालं की क्लचची घासलेली पावडर सोलेनॉइडमध्ये अडकते, प्रेशर कमी-जास्त होतं, क्लच थोडा घसरतो, घसरला की जास्त तापतो, तापला की तेल अजून बिघडतं. हे चक्र बाहेरून महिनोन्महिने कळत नाही.

बिल बघताना नुसतं 'एटीएफ चेंज' (एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) वाचून खूश होऊ नका. ८एचपीमध्ये खालचा प्लास्टिकचा पॅन आणि फिल्टर एकत्रच असतो, म्हणजे नीट काम झालं असेल तर बिलावर पॅन असतोच, गॅस्केट आणि बोल्ट असतात, आणि ऑइल बरोबर ग्रेडचं असतं, ८ स्पीडला झेडएफचं लाइफगार्ड ८, ६ स्पीडला लाइफगार्ड ६ किंवा कंपनीच्या पार्ट नंबरचं. दोन लिटर 'युनिव्हर्सल एटीएफ' असं बिल असेल तर ते नसल्यासारखंच, उलट काळजीचं. लेव्हल पण अशीतशी बघता येत नाही, बहुतेकांना डिपस्टिकच नाही, गाडी सपाट उचलून, इंजिन चालू ठेवून, स्कॅनरवर तेलाचं तापमान ३० ते ५० डिग्रीच्या मध्ये असताना फिलर होलमधून बघायची. ज्या गॅरेजवाल्याला हे तापमान माहिती नाही त्याने भरलेलं तेल कमी किंवा जास्त असण्याची शक्यता मोठी.

बिल नाहीच आणि गाडी १ लाखाच्या पुढे, पण चालवायला मस्त आहे, मग? तर सोडूनच द्या असं नाही. भाव करताना ऑइल सर्व्हिसचा खर्च कापून घ्या आणि थोडी जोखीम आहे हे समजून घ्या. पण शिफ्टमध्ये आधीच गडबड आहे आणि विकणारा म्हणतो 'ऑइल बदललं की होईल', तिथून निघा. एवढंच असतं तर त्यानेच बदलून दोन लाख जास्त सांगितले असते.

पायरी ४ : गाडी थंड बघायची

फोनवरच सांगून ठेवा की गाडी सुरू करून ठेवू नका, मी आल्यावर लावू. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर परत येईन म्हणा आणि खरंच परत जा, लाजायचं कशाला. सकाळी लवकर गेलात तर सगळ्यात उत्तम.

थंड गाडीत पहिला स्टार्ट. डॅशवर सगळे दिवे येतात का आधी बघा, गिअरबॉक्सचा किंवा इंजिनचा दिवा मुळात पेटतच नसेल तर कुणीतरी तो बंद केलाय. मग पाय ब्रेकवर घट्ट ठेवून लिव्हर पी (पार्किंग) वरून आर (रिव्हर्स). एक-दीड सेकंदात गाडी हलकेच घेते, बस. दोन-तीन सेकंद काहीच नाही आणि मग धाडकन लागलं तर प्रेशर येत नाहीये, तेल कमी असेल किंवा आतलं सील गेलेलं असेल. मग आर वरून एन (न्यूट्रल), एन वरून डी (ड्राइव्ह), परत डी वरून आर, प्रत्येक वेळी थोडं थांबून, एसी आणि रेडिओ बंद करून. खालून 'टक' असा आवाज एकदा येणं वेगळं आणि अख्खी गाडी हलणं वेगळं.

पायरी ५ : टेस्ट ड्राइव्ह, कमीत कमी पाऊण तास

सोसायटीला एक चक्कर मारून काहीही कळत नाही. काही दुखणी थंडीत दिसतात आणि काही पूर्ण तापल्यावरच, म्हणून दोन्ही पाहिजेत. डिझेल मी टाकतो म्हणा.

पहिली १० मिनिटं अगदी हळू, पाय हलका. पहिल्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा पडताना आरपीएमची सुई बघा. गिअर पडताना सुई सरळ खाली आली पाहिजे, आधी २००-३०० ने वर उडून मग खाली आली तर क्लच घसरतोय. मग सिग्नलला येतात तसं वेग हळूहळू कमी होऊ द्या, ब्रेक न दाबता नुसता पाय काढून. १० च्या आसपास वेग आला की शेवटचे दोन गिअर खाली येताना झटका बसतो का, ते इथेच कळतं, आणि मुंबई-पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये रोजचा त्रास हाच असतो.

मग मोकळा रस्ता. ६० ते ८० मध्ये वेग स्थिर धरा आणि ॲक्सिलरेटर केसभर दाबा, इतकाच की गिअर खाली येणार नाही. आता जर दोन-तीन सेकंद स्टिअरिंग आणि सीटमधून बारीक थरथर आली, टोलच्या आधीच्या रंबलर पट्ट्यांवरून गाडी गेल्यासारखी, तर तो टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप क्लच. ही थरथर बऱ्याच लोकांना रस्त्याची वाटते, विकणारा पण म्हणेल 'टायर बॅलन्सिंग'. टायरची थरथर वेगाप्रमाणे वाढते आणि पाय काढला तरी राहते, कन्व्हर्टरची पाय काढला की लगेच जाते. हा फरक त्याच रस्त्यावर दोन-तीन वेळा करून बघा.

त्यानंतर चढ. पुण्यात असाल तर बोपदेव किंवा कात्रज, नाशिककडे कसारा, कुठलाही घाट चालेल. मॅन्युअल मोडला टाकून एकेक गिअर धरा, चढावर निम्म्यावर पाय द्या, आरपीएम वाढतोय तसा वेग वाढतोय का बघा. एकदा किकडाऊन, म्हणजे पाय पूर्ण दाबून गिअर खाली आणणं. जिथे सुरक्षित जागा असेल तिथे थांबून थोड्या चढावर रिव्हर्स घ्या, कारण रिव्हर्सचा क्लच पुढे जाताना कळत नाही. उतरताना गिअर आपोआप धरतो का पाहा. घाट झाल्यावर गाडी बंद करा, पाच मिनिटं चहा घ्या आणि परत सुरू करून तेच पी-आर-डी. थंडीत गोड वागलेली गाडी इथे धडकन गिअर घेत असेल तर तो गिअरबॉक्स तापल्यावर दमतोय.

शेवटी रिकाम्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. एक्सड्राइव्हवाल्या (फोर व्हील ड्राइव्ह) बीएमडब्ल्यूत मागे-पुढे अडखळल्यासारखं झालं तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा भाग) बघावी लागेल, जुन्या एक्स थ्री आणि एक्स फाइव्हमध्ये तिच्या मोटरमधला प्लास्टिकचा गिअर झिजतो. पण घाबरायच्या आधी टायर बघा. चारही टायर एका कंपनीचे नसतील किंवा पुढे नवे आणि मागे गुळगुळीत असतील तरी हेच होतं, आणि असे टायर घालून महिने काढले असतील तर ट्रान्सफर केसचं नुकसान झालेलं असू शकतं.

एक गोष्ट न्यायाने सांगायला पाहिजे, प्रत्येक धक्का गिअरबॉक्सचा नसतो. इंजिन माउंटिंग, प्रोपेलर शाफ्टचं रबरी कपलिंग, क्यू सेव्हन आणि त्याच्या भावंडांत शाफ्टचं मधलं बेअरिंग, हे सगळे असेच आवाज करतात आणि तुलनेने स्वस्तात होतात. कमजोर बॅटरीमुळेसुद्धा गिअरबॉक्सचे खोटे फॉल्ट येतात. हे माहिती असलेला गिऱ्हाईक चांगल्या गाडीला उगाच नाही म्हणत नाही आणि भावही नीट करतो.

पायरी ६ : स्कॅनर आणि रॅम्प

कितीही कळत असलं तरी टोकन देण्याआधी गाडी त्याच ब्रँडचं काम करणाऱ्या गॅरेजला न्या, विकणाऱ्याच्या ओळखीच्या नाही, तुमच्या. स्कॅनरचं सॉफ्टवेअर प्रत्येक ब्रँडचं वेगळं : बीएमडब्ल्यूला इस्टा, मर्सिडीजला झेंट्री, ऑडीला व्हीसीडीएस किंवा ओडिस, जुन्या लँड रोव्हरला एसडीडी. दोन हजाराचं ब्लूटूथ डोंगल इंजिनाचे कोड दाखवतं, गिअरबॉक्सचे बहुतेकदा नाही.

त्यांना तीन गोष्टी सांगा. एक, गिअरबॉक्स मॉड्यूल वेगळं उघडून कोड आणि त्यांचे किलोमीटर बघायचे. दोन, कोड नुकतेच पुसलेत का. सगळीकडे शून्य कोड आणि सेल्फ टेस्ट अजून 'नॉट रेडी' असतील तर सकाळीच कुणीतरी पुसलेत, १० वर्षं जुन्या गाडीत एखादा किरकोळ कोड असणं उलट नैसर्गिक. तीन, ॲडॅप्टेशन व्हॅल्यू. गिअरबॉक्स क्लच झिजेल तसं स्वतःला जुळवून घेतो आणि किती जुळवून घेतलं ते आकड्यात दिसतं, मर्यादेच्या टोकाला पोचला असेल तर पुढे जागा नाही. आणि सगळे आकडे शून्यावर असतील तर नुकतं रिसेट केलंय, अशी गाडी काही दिवस लोण्यासारखी चालते आणि मग परत तेच. रिसेट केलेलं दिसलं तर ऑइल बदलल्याचं बिल मागा, तेल बदलल्यावर रिसेट करतातच, पण बिल नसेल तर रिसेट कशासाठी केलं?

रॅम्पवर गाडी घेतल्यावर खालचं प्लास्टिक कव्हर काढायला लावा, त्याशिवाय काही दिसत नाही. पॅनच्या कडेने ओल, कनेक्टरच्या बाजूने तेलाचा ओघळ, कूलरच्या पाइपांचे जोड. कनेक्टरची स्लीव्ह गळणं स्वस्तातलं काम आहे, पण गळून गळून तेल कमी झालेल्या गाडीत किती दिवस गाडी तशीच चालवली हा खरा प्रश्न. कूलंटच्या टाकीत गुलाबी दुधाळ तवंग असेल तर रेडिएटरमधून गिअरबॉक्सचं तेल आणि पाणी एकत्र झालंय, अशा गाडीला हात लावू नका.

पावसाळ्यात बुडालेली गाडी ओळखायची वेळही हीच. सीटबेल्ट पूर्ण ओढून शेवटी मातीची रेघ आहे का, सीटच्या रुळांना गंज, कार्पेटखाली ओल. क्यू सेव्हनची बॅटरी पुढच्या सीटखाली असते आणि ई७० एक्स फाइव्हची डिकीत खाली, दोन्ही ठिकाणं उघडून बघा. २०१५ च्या चेन्नईच्या पुरानंतर तिथल्या गाड्या देशभर विकल्या गेल्या होत्या, तेव्हा त्या सालातल्या तामिळनाडू पासिंगला जरा जास्त वेळ द्या. तीन लिटरचं डिझेल इंजिन कोरडं करून चालू करता येतं, पण पाण्यात राहिलेला कनेक्टर दोन वर्षांनी दगा देतो.

पायरी ७ : ॲव्हरेज

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो आणि माझ्या मते सगळ्यात शेवटी यायला पाहिजे. सव्वादोन टनांच्या थ्री लिटर डिझेलकडून शहरात ७ ते ९ आणि हायवेला १० ते १२ ची अपेक्षा ठेवा, ८ स्पीडवाल्या गाड्या हायवेला थोड्या जास्त देतात. टू लिटरच्या एक्स थ्रीला यापेक्षा बरंच चांगलं पडतं. मोठ्या पेट्रोलचं शहरातलं ॲव्हरेज ऐकून बसायची तयारी ठेवा, ४-५ वर येतं.

साधा हिशोब करा. महिन्याला १,००० किलोमीटर, डिझेल ९० रुपये धरा. ८ चं ॲव्हरेज असेल तर १२५ लिटर, साडेनऊचं असेल तर १०५. फरक महिन्याला १,८०० रुपयांचा. एक मेकॅट्रॉनिकचं काम अशी कित्येक वर्षांची बचत एका दिवसात घेऊन जातं. म्हणून दीड किलोमीटर जास्त देते म्हणून बिल नसलेली गाडी घेऊ नका.

पण ॲव्हरेज गिअरबॉक्सची बातमी देतं, त्यासाठी जरूर बघा. ८ स्पीड डिझेल एक्स फाइव्ह १०० च्या वेगाला वरच्या गिअरमध्ये दीड हजार आरपीएमच्या आसपास असते. तिथे ती १,८०० वर रेंगाळत असेल किंवा सुई खालीवर होत असेल तर एकतर वरचा गिअर लागत नाहीये किंवा कन्व्हर्टर लॉक होत नाहीये, आणि तेवढं डिझेल उष्णतेत जातंय. मालक म्हणाला 'हल्ली ॲव्हरेज थोडं कमी झालंय' तर ते हसण्यावारी नेऊ नका. अर्थात डीपीएफ (डिझेलच्या धुराचा फिल्टर) भरत आला असेल, ब्रेक धरत असतील किंवा टायरात हवा कमी असेल तरी कमी होतं, तेही रॅम्पवर बघून घ्या. आणि डॅशबोर्डवरचा आकडा बहुतेकदा वाढवूनच सांगतो, टाकी फुल ते टाकी फुल हेच खरं.

पायरी ८ : कागद आणि टोकन

हे थोडक्यात, कारण यावर माहिती सगळीकडे मिळते. परिवहन ॲपवर किती नंबरचा ओनर, कर्ज चढलंय का, ई-चलन किती बाकी ते बघा. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, ट्रान्सफरला २९ आणि ३०. दिल्ली पासिंगची डिझेल खूप स्वस्त दिसेल, कारण तिथे सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या आदेशाने १० वर्षांवरच्या डिझेलवर बंदी आली आणि नंतर नियमात बदल होत राहिले तरी मालकांची विकायची घाई काही गेली नाही. गाड्या वाईट असतात असं नाही, पण तिथल्या आरटीओची एनओसी, इथला टॅक्स आणि एमएच पासिंगचा खर्च धरूनच किंमत बघा, आणि तो टॅक्स किती ते आपल्या आरटीओत आधी विचारा. इन्शुरन्स १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या.

टोकन देताना एक ओळ लिहून घ्या, व्हॉट्सॲपवर का होईना : 'तपासणीत इंजिन किंवा गिअरबॉक्सचा दोष निघाल्यास टोकन पूर्ण परत.' आणि आपल्या बजेटमधले २० टक्के गाडीत घालू नका, बाजूला ठेवा. १५ लाख असतील तर १२ ची गाडी बघा. हे सगळ्यांना कडू वाटतं, पण पहिल्याच वर्षी एअर सस्पेन्शन आणि टायर मिळून यातले बरेच पैसे लागतात.

पायरी ९ : गाडी घरी आल्यावर

बिल नव्हतं तर पहिल्या महिन्यातच गिअरबॉक्स ऑइल, पॅन-फिल्टर, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचं तेल करून घ्या. ८०-९० हजारांच्या पुढे कधीच न बदललेल्या गाडीला मशीनने प्रेशर फ्लश करू देऊ नका, साचलेला गाळ उठून व्हॉल्व्हमध्ये बसू शकतो, त्यापेक्षा पॅन काढून जेवढं निघेल तेवढं काढा. कन्व्हर्टरमध्ये जुनं तेल उरतंच, म्हणून ५-६ हजार किलोमीटरनंतर तेल परत एकदा बदला, दुसऱ्यांदा पॅनची गरज नाही. पॅन काढला तेव्हा समोर उभे राहा आणि आतले मॅग्नेट बघा. करडी मऊ पेस्ट म्हणजे वयाप्रमाणे झीज, ठीक आहे, पुसून टाका. बोटाला टोचतील असे चकचकीत तुकडे असतील तर फोटो काढा, तेल भरून घ्या आणि गिअरबॉक्स रिबिल्ड करणाऱ्या दोन जणांकडून चेसिस नंबरवर कोटेशन मागवायला त्याच दिवशी सुरुवात करा, अजून गाडी चालतेय तोवर भाव करता येतो, टोइंगवर गेल्यावर नाही.

तेलानंतर ॲडॅप्टेशन रिसेट आणि मग अर्धा तास शांत ड्राइव्ह, सगळे गिअर हलक्या पायाने पडू द्या, गिअरबॉक्स तेव्हा नव्याने शिकत असतो. रोज सकाळी स्टार्ट केल्यावर आरपीएम खाली यायला अर्धा मिनिट द्या आणि मगच डी टाका. आणि गाडी पूर्ण थांबायच्या आत डी वरून आर टाकायची सवय घरातल्या कुणाला असेल तर ती मात्र पहिल्या दिवशीच मोडा.